घरामागचा अर्धा गुंठा



या पानांतून उसाच्या लागणीविषयी, खोडव्याविषयी, खतांच्या मात्रेविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही अशा पिकाविषयी लिहिणार आहोत की जे कारखान्याच्या काट्यावर कधी येत नाही. ते म्हणजे परसातली भाजी.

दारात पाच एकर आडसाली उभा आणि कोथिंबिरीची जुडी आठवडे बाजारातून, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. घरच्या बाईने परसासाठी पाणी मागितले की "उसाची पाळी होऊ दे, मग बघू" हे उत्तर ठरलेले. अन् ती पाळी काही संपत नाही! उसाचे बिल हप्त्याने येते आणि बरेचसे सोसायटीत वळते होते. भाजीला रोख पैसा रोज लागतो, आणि तो कुठून काढायचा ही चिंता बहुधा बाईचीच असते.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशी यांनी 'सीताशेती'चा कार्यक्रम मांडला. थोडी जमीन बाईच्या हाती द्यावी आणि तिने बाहेरून काही विकत न आणता घरापुरते पिकवावे, असा त्याचा मतलब. सहकारी कारखानदारीविषयी त्यांची मते आपल्याला पटोत वा न पटोत, ही गोष्ट कुणालाही पटावी. अर्धा गुंठा म्हणजे जेमतेम साडेपाचशे चौरस फूट. बांधावर वाया जाते त्याहून ते जास्त नाही.

आता घरोघरच्या तक्रारीकडे वळू. उसात तणासाठी टू-फोर-डी मारतात. ते उसाला सोसते. पण दोडका, दुधी, कारले, टोमॅटो, वांगी, भेंडी यांना अजिबात सोसत नाही. वाऱ्याने उडालेले बारीक तुषारसुद्धा पुरतात. पाने अरुंद होतात, शेंडे पिळवटतात, वेल पिसाटल्यासारखा दिसतो. मग घरात वाद सुरू. सासू म्हणते दृष्ट लागली, सून म्हणते रोग पडला, आणि मालक म्हणतात बियाणेच खराब. खरा अपराधी कोपऱ्यात टांगलेला पंप असतो! तोच पंप नुसता विसळून वेलावर मावा मारायला आणला की झालेच. अहो, पाण्याने तो धुतला जात नाही. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि त्याला तांबडा रंग मारावा. परसाच्या बाजूच्या सरींत औषध मारायचे तर वारा पडलेला बघावा, भर उन्हात मारू नये. त्या कडेच्या चार सऱ्या खुरप्याने भांगलल्या तर फारच उत्तम.

माव्याला निंबोळी अर्क पुरेसा आहे. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्री लिटरभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, साबणाचा चुरा टाकून फवारावी. पोरांना निंबोळ्या वेचायला लावले तर उन्हाळ्याची सुट्टीही सत्कारणी लागते.

"वेल माजलाय पण दुधी धरत नाही" असे पुष्कळजणी म्हणतात. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात. ज्या फुलामागे बोटाएवढा दुधी असतो ते मादी. नर फूल तोडून त्याचे केसर मादीच्या मध्यभागी हलकेच टेकवावे. दिवेलागणीच्या वेळचे हे काम नातवंडे मोठ्या हौसेने करतात, असा आमचा अनुभव आहे.

मांडवावरचा गावठी वाल आषाढात लावला म्हणजे श्रावणात शेंगा मागू नयेत. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलतच नाही. दसरा-दिवाळीपर्यंत नुसता पाला बघून कितीएक घरांत तो उपटला जातो! शेवग्याचेही तेच. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचा थवा बसतो, सुनेच्या अंगाला खाज सुटते आणि झाडावर कुऱ्हाड पडते. वास्तविक त्या दिवसा खोडावर एका जागी गोळा झालेल्या असतात. लांब काठीला चिंध्या बांधून पलिता केला आणि खोडावरून झरझर फिरवला की काम झाले.

अळूला काही सांगायला नको. न्हाणीच्या पाण्यावर तो आपला वाढतो. कोंबड्यांचा बंदोबस्त मात्र काट्याकुट्याच्या कुंपणाशिवाय होत नाही, आणि शेजाऱ्याच्या शेळीला तर तेही कमीच.

राहता राहिले बियाणे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या आज्या हेच करीत. मधल्या फळीतला चांगला दोडका वेलावरच वाळू द्यायचा, बी राखेत घोळून डब्यात ठेवायचे. बियाण्याच्या दोडक्याला ओळखीसाठी रंगीत चिंधी बांधावी. पाहुणे आले की नेमका तोच तोडला जातो, म्हणून घरात सर्वांना, विशेषतः पुरुष मंडळींना, आधीच बजावून ठेवावे.