सोल्डर लागलं, पण बोर्ड चालेना! नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका आणि उपाय

दिंडोरी : द्राक्षबागेला पाणी द्यायचंय, थ्री फेज वीज आलीये, पण विहिरीवरचा ऑटो स्विच काही मोटर उचलत नाही. अशा वेळी पेटी उघडली की बऱ्याचदा बोर्डावरचा एखादाच जोड सुटलेला सापडतो. मोबाईलवर व्हिडिओ पाहून आता गावोगावची मुलं असे जोड स्वतः मारू लागली आहेत. मात्र सोल्डर लावूनही बोर्ड चालत नाही, किंवा चार दिवसांत पुन्हा बंद पडतो. असं का होतं?

कल्हईवाला आठवा

कल्हईवाला आधी भांडं घासतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. गार भांड्यावर कथील धरतच नाही. सोल्डरमध्येही तेच कथील असतं. 60-40 वायरमध्ये 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं असतं. ती 183 अंश सेल्सिअसला विरघळू लागते. नवसागराचं काम वायरच्या पोटातली राळ करते.

नवशिके नेमकं उलटं करतात. सोल्डर गनच्या टोकावर वितळवतात आणि थेंब जोडावर सोडतात. तोवर राळ जळून गेलेली असते आणि खालचं तांबं गारच असतं. थेंब वर नुसता बसतो, चिकटत नाही. यालाच 'ड्राय सोल्डर' म्हणतात.

बरोबर पद्धत

साध्या बोर्डाला 25 वॅटची गन पुरते. टोक पार्टचा पाय आणि तांब्याचा ठिपका, दोन्हींना एकदम टेकवा. एक-दोन सेकंदांनी वायर जोडाला लावा, गनच्या टोकाला नाही. सोल्डर पसरलं की आधी वायर काढा, मग गन. घट्ट होईपर्यंत पार्ट हलवू नका. चांगला जोड शंकूसारखा उतरता दिसतो, गोळीसारखा नाही.

दोष आणि उपाय

- गोळी किंवा खरखरीत जोड : थोडं फ्लक्स लावून पुन्हा तापवा.
- पायाभोवती गोल चीर : रिले आणि ट्रान्सफॉर्मरच्या पायांना हादऱ्याने व उष्णतेने पडते. जुनं सोल्डर पंपाने ओढून नवीन भरा.
- शेजारचे दोन ठिपके जुळले : शॉर्ट होतो. डिसोल्डर वायरने जास्तीचं सोल्डर टिपून घ्या.
- ट्रॅक उखडला : गन फार वेळ टेकवल्याचा परिणाम. एका जागी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. उखडलाच तर बारीक वायरचा जंपर टाका.
- टोक काळं पडलं : प्लेटिंगवाल्या टोकाला कानस मारू नका. ओल्या स्पंजवर पुसा, लगेच सोल्डरचा पातळ थर द्या.
- पार्ट उलटा बसला : डायोडची पट्टी आणि कपॅसिटरची मायनस बाजू आधी तपासा.

नवसागर किंवा ॲसिडवाली पेस्ट बोर्डाला अजिबात लावू नका. ती मागे राहिली तर तांब्याचे ट्रॅक खाते.

जिवाशी खेळ नको

स्टार्टरच्या पेटीत 415 व्होल्ट असतात. नुसता ऑटो बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. वीज बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो मल्टीमीटरने तपासा. चालू पेटीत तपासणीचं काम जाणत्या वायरमनकडेच द्या.

शिसं विषारी आहे. काम झाल्यावर, जेवण्याआधी आणि तंबाखू मळण्याआधीही हात साबणाने धुवा. खिडकी उघडी ठेवा. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना धुरापासून लांब ठेवा.

सुरुवात कुठून?

पहिला हात मोटरच्या बोर्डावर मारू नका. घरात पडलेल्या बंद रेडिओच्या बोर्डावर पन्नास जोड काढा आणि पुन्हा लावा. गोडी लागली तर दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा ट्रेड आहे. हात बसला, की वीज असलेले मोजके तास एका सुटलेल्या जोडापायी वाया जाणार नाहीत.