उपग्रहाच्या नजरेतून निसटणारा धूर

घोड आणि भीमेच्या काठी, शिरूर-दौंड तालुक्यांत, ऊस तुटला की कित्येक शेतांतले पाचट पेटते. २०१७ मध्ये अवकाशात गेलेला सेंटिनेल-५पी हा युरोपीय उपग्रह रोज हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड मोजतो. अमेरिकेच्या सुओमी एनपीपी उपग्रहाला ३७५ मीटरच्या चौकोनातील आगही ओळखता येते. परंतु दोघांचीही दिवसाची फेरी दुपारी दीडच्या सुमारास. सायंकाळी पेटवलेले पाचट मध्यरात्रीनंतरच्या फेरीपूर्वीच विझते, आणि छपराखालचे गुऱ्हाळाचे चुलाण तर बहुधा निसटतेच.

शिवाय उपग्रह मोजतो तो जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेचा अख्खा स्तंभ. हिवाळ्यात मात्र धूर रात्रभर जमिनीलगत साचतो आणि पहाटे, बाजारपेठेत दुकाने उघडू लागतात तेव्हा, दम्याने त्रस्त वृद्धांच्या छातीत उतरतो. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली की नाही, हे गावातले यंत्रच नेमके सांगेल. ते कोठे बसवावे, याचा अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरून बांधता येतो.

तोवर गूळ घेणाऱ्या अडत्याला एक प्रश्न विचारता येतो: चुलाणात चिपाड जळले, की टायर?