नदीची सफाई रस्त्याकडेच्या चरापासून

लखनौच्या उत्तरेस, सीतापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर बख्शी का तालाब हे तालुक्याचे गाव आहे. याच तालुक्यातील अस्ती गावाजवळ कुकरैल ही गोमतीची उपनदी उगम पावते. उगमापाशी ती शिवारातला एक साधा ओढा आहे. सुमारे २८ किलोमीटर वाहून ती लखनौ शहरात गोमतीला मिळते. पण तोवर तिची अशी दशा झालेली असते की कित्येक वर्षे लखनौकर तिला ‘कुकरैल नाला’ म्हणूनच ओळखत आले आहेत. गोमती पुढे वाराणसीजवळ कैथी येथे गंगेत विलीन होते. अस्तीच्या रस्त्याकडेला टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला एका पावसाळ्यात गंगेची वाट मोकळी असते, ती अशी.

लखनौतील स्वयंसेवक गोमतीच्या घाटांवर उतरून कचरा काढतात. ते काम मोलाचे आहे. तथापि घाटावर पोहोचेपर्यंत कचरा भिजलेला, गाळाने जड झालेला आणि जलपर्णीत गुंतलेला असतो. तोच कचरा मे महिन्यात रस्त्याकडेच्या कोरड्या चरात हलका व सुटा पडलेला असतो. तेथे पोते भरण्यास जितका वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ नदीपात्रात लागतो. म्हणून नदी वाचवायची तर पहिला पाऊस पडण्यापूर्वी चर, मोऱ्या आणि ओढे साफ करणे हाच स्वस्त आणि परिणामकारक उपाय होय.

पुण्याचा अनुभव

आपल्याकडे पुण्यातील ‘जीवितनदी’ ही संस्था २०१४ पासून मुळा-मुठेसाठी काम करीत आहे. नदीकिनाऱ्याचा एक ठरावीक भाग ‘दत्तक’ घेऊन तेथे नियमितपणे जायचे, अशी तिची पद्धत. मुठेकाठी विठ्ठलवाडी आणि मुळेकाठी औंध येथे हे काम उभे राहिले. वर्षातून एकदा मोठा मेळावा भरवण्यापेक्षा थोड्या माणसांनी त्याच जागी पुनःपुन्हा जाणे, हे त्याचे सार आहे. शेतकऱ्यांशी या कामाचा थेट संबंध आहे. मुळा-मुठा दौंड तालुक्यात भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनी धरणात साठते. शहरातील रस्त्यावरचा कचरा अशा रीतीने दौंड, इंदापूर, करमाळ्याच्या शेतकऱ्याच्या पाण्यात उतरतो.

कीटकशास्त्राच्या नजरेतून

कचऱ्याच्या ढिगात मला प्रथम दिसतात ते डास. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी घालते. ही अंडी कोरड्या अवस्थेत अनेक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. त्यामुळे उन्हाळ्यात रस्त्याकडेला पडलेला कप किंवा टायर कोरडा असला तरी निरुपद्रवी नसतो. अनुकूल तापमानात अंड्यापासून प्रौढ डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सफाई करण्याचा आग्रह याच कारणाने धरावयाचा.

प्लॅस्टिकने तुंबलेल्या मोरीत सांडपाणी साचले की तेथे हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास वाढतो. मोरी तुंबल्याने पाणी शेजारच्या शेतात पसरते आणि तुरीसारख्या पिकाची मुळे कुजतात, हा वेगळा तोटा.

वाहत्या, स्वच्छ ओढ्यात मात्र दगडाखाली मेफ्लाय व कॅडिसफ्लाय यांची पिल्ले आढळतात. चतुराची पिल्ले तर पाण्यातच डासांच्या अळ्या फस्त करतात. ओढा सडला, की हे कीटक नाहीसे होतात आणि गाळात कायरोनोमस माशीच्या तांबड्या अळ्या उरतात. सफाईचा परिणाम तपासण्यासाठी प्रयोगशाळा जवळ नसली तरी हरकत नाही. ओढ्यातला दगड उलटून पाहावा.

आपल्या बांधावरचा कचरा

हा दोष केवळ शहराच्या माथी मारून चालणार नाही. एका गावातील ओढ्याच्या सफाईत मी सहभागी होतो. शाळकरी मुले उत्साहाने पोती भरीत होती. एका मुलाने झुडपातून बाटली ओढून काढली. तिचे टोपण सैल होते आणि उरलेले औषध त्याच्या मनगटावर ओघळले. आम्ही लगेच साबणाने हात धुतला आणि सुदैवाने पुढे काही झाले नाही. त्या बाटलीवर पिवळा त्रिकोण होता, म्हणजे अति विषारी गटातील कीटकनाशक. शेतकऱ्यांना फवारणी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला तो त्रिकोण पाहून मान खाली घालावी लागली. फवारणी कशी करावी हे आम्ही सांगितले. बाटली रिकामी झाल्यावर काय करावे, हे पुरेसे सांगितले नव्हते.

कीटकनाशक नियम, १९७१ नुसार वापरलेली वेष्टने पुन्हा वापरली जातील अशा रीतीने उघड्यावर टाकता येत नाहीत. ती मोडून वस्तीपासून दूर पुरावी लागतात. विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी प्रत्येक बैठकीत सांगाव्यात :

• बाटली रिकामी होताच तिच्यात पाव भाग स्वच्छ पाणी भरून सुमारे ३० सेकंद हलवावी आणि ते पाणी फवारणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. औषधाचा शेवटचा थेंबही पिकाच्या कामी येतो.
• धुतलेल्या बाटलीला तळाशी भोके पाडावीत, म्हणजे कोणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही.
• बाटल्या, मल्चिंगचा फाटका कागद आणि ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर जाळू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.
• सफाईच्या वेळी कीटकनाशकांची वेष्टने केवळ प्रौढांनी, रबरी हातमोजे घालून उचलावीत आणि वेगळ्या पोत्यात ठेवावीत. हे काम मुलांना देऊ नये.
• गोळा केलेला कचरा कोठे जाणार, हे ग्रामपंचायतीशी आधी ठरवावे. अन्यथा पोती तेथेच फाटतात आणि पहिल्या वळवात सारे पुन्हा ओढ्यात जाते.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. तरीही रस्त्याकडेचा चर काय सांगतो, ते आपण रोज पाहतो. कायदा आपले काम करील तेव्हा करील. आपण आपल्या गावच्या रस्त्याचा अर्धा किलोमीटर आणि एक मोरी एवढे तरी दत्तक घेऊ या. मृगापूर्वी तेथे एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला जाऊ या. ओढा गावातून स्वच्छ निघाला, तर निदान आपल्या वाट्याची नदी तरी नाला होणार नाही.