वीस वर्षांची नोकरी आणि पुन्हा परीक्षा

भगिनींनो, बी.ए.चा पेपर आज तुमच्यापुढे ठेवला तर पास व्हाल? मी आठवड्यातून चार दिवस शाळेत शिकवते, तरी छातीठोकपणे 'हो' म्हणणार नाही.

हे सुचायचं कारण आमच्या थोरल्या वन्सं. वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहेत. मुलाच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, म्हणून अमेरिकेत नोकरी धरायचं ठरवलं. पण तिथे नर्स व्हायचं तर इथला अनुभव कितीही असो, 'एनक्लेक्स' ही परवान्याची परीक्षा द्यावीच लागते.

घरी सरावाचा पेपर सोडवला आणि वन्सं चक्क नापास! ओट्याशी उभ्या राहून डोळे पुसत म्हणाल्या, "इतकी वर्षं केलं ते सगळं चुकीचंच का गं?"

मग आम्ही दोघी चुका तपासायला बसलो. बाळंतपणाचं एकही उत्तर चुकलं नव्हतं! चुकली होती लहान मुलांची दुखणी आणि मनोविकार; इतक्या वर्षांत त्यांचा संबंधच आला नव्हता. औषधांच्या नावांनीही घोटाळा केला. आपलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, दम्याचं साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. शिवाय 'आधी काय कराल?' असं विचारलं की वन्सं 'डॉक्टरांना कळवीन' यावर खूण करत. वॉर्डातली सवयच तशी. परीक्षेला मात्र पुष्कळदा हवं असतं, की नर्सने आधी स्वतः रोग्याला पाहावं, धाप लागली असेल तर उठवून बसवावं, मग कळवावं.

पण एक प्रश्न पाहा. पाय मोडून ओरडणारा रोगी आणि थायरॉइडच्या ऑपरेशननंतर श्वासाला घरघर लागलेला रोगी, आधी कोणाकडे जाल? तुम्ही-आम्ही ओरडणाऱ्याकडे धावू. वन्सं क्षणात म्हणाल्या, "ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. घरघर लागलेला आधी." अनुभव वाया जात नाही तो असा.

ही परीक्षा 1994 पासून संगणकावर होते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. 2023 पासून रोग्याची सगळी हकीकत देऊन त्यावरही प्रश्न विचारतात. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. तेव्हा प्रश्न अवघड होत गेले तर घाबरायचं नाही, ते चांगलंच लक्षण!

नवख्या नर्सच्या हाती रोगी सुखरूप राहील ना, एवढंच ही परीक्षा पाहते. रात्री अडीच वाजता घाबरलेल्या पहिलटकरणीचा हात धरून बसण्याला तिथे गुण नाहीत. म्हणून ते काम कमी दर्जाचं ठरत नाही.

तुमच्या घरातली कोणी चाळिशीत परीक्षेला बसली, तर "आता या वयात कशाला?" म्हणू नका. रोज दोन तास तिला हाक मारू नका, एवढं पुरे. आणि नापास झालीच, तर ही परीक्षा 45 दिवसांनी पुन्हा देता येते.

वन्संकडे हल्ली रात्रीचा कुकर त्यांचे यजमान लावतात. परवाच्या सराव पेपरात वन्सं पास झाल्या. खरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.