गुण देणाऱ्याची कसोटी

जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला, तेव्हा सहा वर्षांचे केइजी नाकाझावा त्यातून वाचले. त्या अनुभवावर आधारलेली त्यांची ‘अनवाणी गेन’ ही मांगा १९७३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्या कथेने हेलावलेला वाचक तिला दहापैकी नऊ गुण देईल; पात्रांचे भडक हावभाव ज्याला खटकतात, तो सहाच देईल. हा मतभेद दोष नव्हे. अभिरुची ज्याची त्याची असते. परंतु येथे ज्यासाठी गुण कापले, तेच आवडत्या चित्रकाराच्या बाबतीत आपण पोटात घातले, तर तो अन्याय होय. म्हणून कथा, चित्रे, पात्रे यांचे निकष आपण आधी ठरवावेत व सर्वांस तेच लावावेत. परीक्षक कडक असो वा उदार, पहिल्या व शेवटच्या उत्तरपत्रिकेस त्याचे माप एकच हवे.