चिठ्ठी ज्याची त्याची, खतावणी सर्वांची

पतसंस्थेत पैसे काढताना प्रत्येक सभासद नवी चिठ्ठी भरतो. खतावणी मात्र सर्वांची एकच असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही संगणकाचा प्रोग्रॅम लिहिताना मी ते विसरलो, त्याची ही हकीकत.

गेल्या सुट्टीत आमच्या गावच्या पतसंस्थेला दाखवण्यासाठी मी जावा भाषेत एक छोटी वेब-सेवा लिहिली. खाते क्रमांक पाठवावा, शिल्लक परत यावी, एवढेच तिचे काम. चाचणीसाठी मी आणि माझा कन्नड माध्यमाचा मित्र दोन यंत्रांवरून एकदमच विचारणा करू लागलो. त्याने विचारले १०५ चे आणि त्याला आली माझ्या २०८ ची शिल्लक! खाती खोटी होती म्हणून आम्ही हसलो. खरी असती तर? एकाची पुंजी दुसऱ्याला कळली, की संस्थेची पत गेलीच.

कारण असे. विचारणेला उत्तर देणाऱ्या भागाला रिसोर्स क्लास म्हणतात. २००८ साली ठरलेल्या जॅक्स-आरएस या मानकाचा मूळ नियम असा, की प्रत्येक विनंतीसाठी त्या क्लासचा नवा इन्स्टन्स तयार व्हावा आणि उत्तर गेले की त्याचे काम संपावे. ही झाली नवी चिठ्ठी. वेग वाढेल या समजुतीने मी सर्वांना मिळून एकच इन्स्टन्स, म्हणजे सिंगलटन, ठेवला आणि खाते क्रमांकही त्यातच लिहू लागलो. मित्राची शिल्लक काढली जाण्याआधीच त्याच्या क्रमांकावर माझा क्रमांक लिहिला गेला.

मग डेटाबेसच्या जोडण्याही दर वेळी नव्या करायच्या का? नाही, खतावणी रोज नवी कोण बांधतो? जोडण्यांचा साठा सामायिकच असावा. फक्त तो क्लासने स्वतः तयार करू नये. कन्स्ट्रक्टरमध्ये मागणी नोंदवावी. बाहेरची यंत्रणा तो आणून देते. कारकून कपाटाची किल्ली शोधत बसत नाही, शिपाई खतावणी टेबलावर आणून ठेवतो, तसेच हे. यालाच डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधील लेखाने हे नाव रूढ केले. याचा आणखी एक फायदा असा, की चाचणीच्या वेळी खऱ्या खतावणीऐवजी कच्ची वही देता येते आणि क्लासमध्ये एक अक्षरही बदलावे लागत नाही.

मी सिंगलटन काढून टाकला. पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ज्याची शिल्लक त्यालाच मिळाली. तेव्हापासून काहीही लिहिण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो: ही चिठ्ठी, की खतावणी?