एकाच मापाच्या दोन गाठी

वरूडच्या बाजारात संत्र्यांचे ढीग तुम्ही पाहिलेच असतील. त्यातली दोन संत्री हातात घ्या. रंग तोच, आकार तोच, साल तशीच चकचकीत. घरी नेऊन सोलली की एक साखरेसारखं गोड निघतं आणि दुसरं असं आंबट की डोळेच मिटतात! बाहेरून काही म्हणता काही कळत नाही.

आता जरा अवघड गोष्ट. समजा, वरूडजवळच्या एका गावात दोन मावश्या आहेत. दोघींच्या स्तनात गाठ सापडली आणि ती कॅन्सरची निघाली. (स्तन हा शब्द वाचून कुणाला हसू आलं असेल, तर हसून घ्या. हात, पाय, नाक तसाच तोही शरीराचा एक भाग.) दोघींची गाठ दोन सेंटिमीटरची. बगलेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोचलेला नाही. ऑपरेशन झालं, गाठ निघाली. सगळे म्हणाले, सुटलो!

पण कॅन्सरची एखादी पेशी आधीच निसटून रक्तातून दुसरीकडे गेली असेल तर? ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून डॉक्टर केमोथेरपीचा विचार करतात. केमो म्हणजे भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणारी औषधं. ती केसांच्या मुळांनाही सोडत नाहीत. केस गळतात, मळमळतं, अंगातलं बळ जातं. वरूडहून नागपूरला शंभरेक किलोमीटरच्या खेपा, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो आणि इकडे बागेला पाणी द्यायला कुणी नाही. जिचा जीव त्यानं वाचणार आहे तिनं हे सगळं सोसलंच पाहिजे. पण जिला गरजच नाही तिनं का सोसावं? दोघींतली कोणती कुठली, हे सूक्ष्मदर्शकाखाली नेहमी कळतंच असं नाही. तिथेही दोन्ही गाठी जुळ्या बहिणींसारख्या दिसू शकतात.

इथे कामाला येतो आरएनए. तो समजायला आपण शेंदुरजनाघाटच्या नर्सरीतून आणलेलं संत्र्याचं झाड घेऊ. त्याच्या फांदीचं पान, फूल आणि फळाची साल, तिन्हींच्या पेशींत डीएनएची तीच पोथी असते. (खाली खुंट जंबेरीचा असेल, तर त्याची पोथी वेगळी बरं का! बागायतदारांची मुलं लगेच पकडतील म्हणून आधीच सांगितलं.) पोथी तीच, तर मग पान हिरवं आणि साल नारिंगी कशी? कारण पेशी सगळी पोथी एकदम वाचत नाही. हवं ते पान उघडते आणि तेवढ्याची नक्कल एका चिठ्ठीवर उतरवते. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठीबरहुकूम पेशीत प्रथिनं तयार होतात. पोथीत काय लिहिलंय यापेक्षा आज चिठ्ठ्या कसल्या आणि किती निघाल्या, यावर पेशीचं वागणं ठरतं.

गाठीचंही तसंच. एका गाठीत "दुप्पट व्हा, दुप्पट व्हा" अशा चिठ्ठ्यांचा पाऊस पडलेला असतो. दुसरीत त्या थोड्याच असतात, आणि शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं ऐकणाऱ्या चिठ्ठ्या जास्त. अशी गाठ साध्या गोळ्यांनाही दाद देते.

पण कुठल्या चिठ्ठ्या धोक्याच्या, हे ठरवायचं कसं? आज मोजायचं आणि दहा वर्षं वाट पाहायची? अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर जी युक्ती काढली, ती मला फार आवडते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि जपून ठेवतात. १९८०च्या दशकात ऑपरेशन झालेल्या बायकांचे असे ठोकळे कपाटात पडून होते. त्या बायकांचं पुढे काय झालं, हे कागदोपत्री नोंदलेलं होतं. म्हणजे गणित जुनं आणि उत्तर शेवटच्या पानावर! संशोधकांनी ठोकळ्यांचे पातळ काप काढले, त्यांतला आरएनए वेगळा केला आणि चिठ्ठ्या मोजल्या. जुन्या आरएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात, पण छोटे तुकडेही मोजता येतील अशी पद्धत त्यांनी बसवली.

आधी २५० जनुकं तपासली, त्यातून २१ निवडली. कॅन्सरशी संबंध फक्त १६ जनुकांचा. उरलेली ५ कशाला? टोपलीत २० सडकी संत्री निघाली असं म्हटलं, तर तुम्ही लगेच विचाराल, "टोपलीत होती किती?" ती एकूण संख्या सांगायला ही पाच. सगळ्यांचा हिशेब करून ० ते १०० मधला एक आकडा येतो.

२००४ मध्ये ६६८ बायकांच्या ठोकळ्यांचा निकाल छापून आला. या सगळ्या टॅमॉक्सिफेन नावाची गोळी घेत होत्या. ज्यांचा आकडा कमी, त्यांच्यात दहा वर्षांत कॅन्सर दूरच्या अवयवात उद्भवला तो शंभरातल्या सुमारे ७ जणींना. ज्यांचा आकडा जास्त, त्यांच्यात शंभरातल्या सुमारे ३० जणींना. बघा, आकडा हे काही कुंडलीतलं भविष्य नव्हे. कमीवाल्यांतही सात जणी सापडल्याच आणि जास्तवाल्यांतल्या सत्तर जणी सुखरूप राहिल्या. आकडा शंभर जणींचं सांगतो, एकीचं नाही.

मधल्या आकड्यांचं कोडं २०१८ मध्ये बरंचसं सुटलं. सहा देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या पाहणीत, ११ ते २५ आकडा असलेल्यांपैकी निम्म्यांना फक्त गोळ्या आणि निम्म्यांना गोळ्यांसोबत केमो दिली. नऊ वर्षांनी दूरच्या अवयवात कॅन्सर न पसरलेल्या बायका शंभरात ९४.५ आणि ९५! फरक जवळजवळ नाहीच. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला, म्हणून आकड्याबरोबर वयही बघतात.

अडचण एक आहे. ही परदेशी तपासणी आपल्याकडे लाखांच्या घरात जाते. डॉ. मंजिरी बाकरे यांनी बंगळुरूत सुरू केलेल्या कंपनीनं वेगळी वाट धरली. चिठ्ठ्या मोजण्याऐवजी चिठ्ठ्यांवरून तयार झालेला माल, म्हणजे पाच प्रथिनं मोजायची आणि त्यात गाठीचं माप वगैरे मिळवून धोका कमी की जास्त ते सांगायचं. ही तपासणी बरीच स्वस्त पडते.

पण परदेशी असो की देशी, दोन्ही तपासण्या लवकर सापडलेल्या आणि संप्रेरकाचं ऐकणाऱ्या गाठींसाठी आहेत. आणि आपल्याकडे गाठ लवकर दाखवतं कोण? "दुखून नाही राह्यलं, मंग डाक्टरले कायले दाखवाचं?" असं म्हणणारी आजी तुमच्याही घरात असेल. आजीबाई, सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखतच नाही, हीच तर तिची लबाडी! मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं १९९८ पासून दीड लाख बायकांची पाहणी केली. त्यांतल्या निम्म्यांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हातानं तपासत. ना यंत्र, ना वीज. २०२१ मध्ये निकाल आला. तपासलेल्या बायकांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

आई-बाबांसाठी एक कामाची गोष्ट. घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं, तर मेणाचा तो ठोकळा कुठे ठेवलाय ते विचारून ठेवा. दुसरीकडे दाखवायला जाताना दवाखान्यात त्याला 'ब्लॉक' म्हणून मागायचं. मात्र मे महिन्यात वरूडच्या उन्हात तो मोटारसायकलच्या डिकीत टाकून हिंडू नका. मेण मऊ पडतं!